पाहुण्याला घर दाखवताना

(हीरक महोत्सवानिमित्त हेब्बाळ, बेंगळुरू येथे भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



जपानने 2014 साली ‘साकुरा सायन्स’ हा उपक्रम सुरू केला. त्यातून आशियातील विद्यार्थी काही दिवसांसाठी तेथील विद्यापीठे व प्रयोगशाळा पाहून येतात. उद्या आपली मुलेही जातील, म्हणून हे दोन शब्द.

नारा, क्योतो या प्राचीन नगरांत स्थानिक विद्यार्थी स्वयंसेवक होऊन परदेशी पाहुण्यांना देवस्थाने दाखवतात. दाराशी पाण्याचे कुंड असते. पळीने आधी डावा हात धुवावा, मग उजवा, नंतर चूळ भरावी. हा विधी पुस्तकातूनही कळतो. पण समवयस्क मित्राने शेजारी उभे राहून करून दाखवला, की परकेपणा गळून पडतो.

मग ओळखीच्या खुणा दिसू लागतात. जपानी मुले अक्षरे गिरवतात ती आ, ई, ऊ, ए, ओ आणि का, सा, ता, ना अशा क्रमाने. या क्रमाचे मूळ आपल्या वर्णमालेत आहे. नारा येथील महाबुद्धाचे नेत्रोन्मीलन 752 साली झाले, ते भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्षूच्या हस्ते!

परंतु घेणे एकाच बाजूने झालेले नाही. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका महर्षी कर्वे यांच्या वाचनात आली आणि 1916 साली भारतीय महिला विद्यापीठ उभे राहिले. मातृभाषेतून उच्च शिक्षण हे त्याचे ब्रीद होते. दुसऱ्याचे पाहून अण्णांनी आपल्याच भाषेची वाट रुंद केली.

आता प्रश्न आपला आहे. जपानी विद्यार्थी हेब्बाळला आला, तर त्याला काय दाखवाल? 2018 साली येथे कित्तय्या या वीराचा कन्नड शिलालेख उजेडात आला. तो सुमारे 750 सालचा, म्हणजे त्या महाबुद्धाच्याच काळातला. तो समजून सांगण्यापुरते कन्नड आणि स्वतःच्या घराची ओळख करून देण्यापुरते मराठी आपल्या मुलांना यायलाच हवे. मराठी शाळांचे पट रोडावत असताना ही जबाबदारी एकट्या शिक्षकांची उरत नाही. ती तुम्हा पालकांचीही आहे.

ज्याला आपले घर दाखवता येते, तोच दुसऱ्याच्या घरी चांगला पाहुणा होतो. साठ वर्षे आपल्या शाळेने हेच शिकवले. तो वारसा आपण सर्व मिळून पुढे नेऊ या.