विसार देऊन परत फिरताना

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



बँकेच्या गृहकर्ज विभागात मी एकतीस वर्षे काढली. वकिलांचे सर्च रिपोर्ट रोज माझ्या टेबलावर यायचे. तरीही २०२१ साली स्वतःसाठी घर घ्यायला निघालो, तेव्हा विसार आधी दिला आणि कागद नंतर मागितले. जुनी पण नेटकी सोसायटी, पूर्वेच्या खोलीला मोठी खिडकी, खाली बकुळीचे झाड. हिला घर पाहताक्षणी आवडले. दुसरेही गिऱ्हाईक मागे लागले आहे असे एजंट म्हणाला आणि त्याच संध्याकाळी मी तीन लाखांचा चेक लिहिला. आज मी बोलणार आहे ते त्यानंतरच्या चार महिन्यांविषयी.

फ्लॅट विक्रेत्याच्या वडिलांचा होता. वडील गेले, पुढे आईही गेली. मृत्युपत्र कोणाचेच नव्हते. सोसायटीच्या दप्तरात मुलाचे नाव नॉमिनी म्हणून होते, त्यामुळे शेअर सर्टिफिकेटवर ते चढले. घर आता आपले झाले असे तो मनापासून धरून चालला होता. हा समज आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून इथे थोडा थांबतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सभासद गेल्यावर सोसायटीने कोणाशी व्यवहार करावा, एवढ्यापुरती ती सोय आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने नॉमिनीला वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासदच म्हटले आहे. मालकी ठरते ती वारसा कायद्याने. लोक मुलींच्या हक्काचा विषय निघाला की २००५ च्या दुरुस्तीचे नाव घेतात. ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीविषयी आहे. वडिलांनी स्वतः कमावलेले घर मृत्युपत्र न करता मागे राहिले, तर त्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमातच लिहिलेले आहे.

विक्रेत्याला दोन बहिणी होत्या. "त्यांनी हक्क सोडलाय," तो म्हणाला. कागद मागितला तेव्हा शंभराच्या स्टँपपेपरवर नोटरी केलेले एक पान पुढे आले, त्यावर धाकटीचीच सही. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवावे लागते. नोटरीच्या शिक्क्याने तो सुटत नाही. आमच्या वकीलबाईंनी दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस दिली. हरकतींसाठी मुदत चौदा दिवसांची. नवव्या दिवशी नगरहून थोरल्या बहिणीची लेखी हरकत आली, पाठोपाठ त्यांचा फोन. "आईचं आजारपण मी काढलं," त्या म्हणाल्या, "आणि घर विकायला काढलंय हे मला पेपरातून कळलं."

त्या फोननंतर आमच्या घरात चर्चा उरली नाही. ज्या घरातून एका बाईचा वाटा पुसला गेला आहे, तिथे वास्तुशांत करायची नाही, हे हिनेच पहिल्यांदा बोलून दाखवले.

त्याच आठवड्यात महापालिकेतून मंजूर नकाशाची प्रत हाती आली. हिला आवडलेली ती पूर्वेची खोली नकाशात उघडी टेरेस होती. नंतर कधीतरी भिंती घालून बंद केलेली. इमारतीखालच्या जमिनीचे अभिहस्तांतरणही झालेले नव्हते, मालमत्ता पत्रकावर अजून मूळ जमीनमालकच. या शेवटच्या कारणासाठी मी सौदा मोडला नसता. १९६३ च्या मोफा कायद्याखाली मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे. वेळ जातो, पण काम होते. वारसाची सही नसणे ही वेगळी गोष्ट. ती उणीव तुम्ही घर घेतल्यावर तुमची होते.

"बँक कर्ज देतेय म्हणजे टायटल क्लिअर आहे," असे नातेवाईक आम्हाला समजावत होते. मी त्याच टेबलावर बसलो आहे, म्हणून सांगतो. बँकेचा वकील बँकेसाठी पाहतो आणि त्याचा अभिप्राय बँकेला उद्देशून असतो. उद्या कोर्टात हक्क टिकला नाही तरी हप्ता तुमच्याच खात्यातून जातो.

माघार घेतो असे कळवल्यावर विक्रेता म्हणाला, "मग विसार बुडाला." इथे कायदा नीट समजून घेतला पाहिजे. घेणाऱ्याच्या चुकीने सौदा मोडला तर खरा विसार जप्त होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली तसे म्हटले आहे. आमचा दोष नव्हता. मालकी हक्कातला जो दोष विक्रेत्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला सहज कळण्यासारखा नाही, तो उघड करणे हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. घेणाऱ्याने योग्य कारणाने ताबा नाकारला, तर विसाराच्या रकमेचा बोजा त्याच कलमाने त्या मिळकतीवर चढतो. शिवाय आमच्या विसारपावतीत वकीलबाईंनी एक ओळ घालून घेतली होती: मिळकत निर्वेध व निजोखमी न आढळल्यास विसार पूर्ण परत. चेक मी घाईत लिहिला, पण पावतीचा मसुदा त्यांना दाखवला, तेवढे शहाणपण मला सुचले. रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस गेली. पैसे तीन हप्त्यांत, चौथ्या महिन्यात पुरते आले. तो माणूस लबाड नव्हता. बहिणीला विचारावे लागते हे त्याला कधी कोणी सांगितलेच नव्हते.

बिल्डरकडून नवा फ्लॅट घेणाऱ्यांना २०१६ च्या रेरा कायद्याचा आधार जास्त आहे. करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. जमिनीच्या हक्कातच दोष निघून तुमचे नुकसान झाले, तर भरपाई मागायला मुदतीची आडकाठी नाही. दोन व्यक्तींमधल्या जुन्या घराच्या विक्रीला मात्र हा कायदा लागत नाही. नुसत्या नोंदणी क्रमांकावरही विसंबू नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींसाठी पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तिथे राहणाऱ्यांनी आयुष्याची पुंजी ओतली होती. परवानगीची खातरजमा ज्या कार्यालयाने ती दिली तिथे जाऊनच करा.

या सभागृहात कोणी नुकताच विसार दिलेला असेल, तर त्यांना माझी विनंती आहे. आज घरी गेल्यावर पावती काढून वाचा. निर्वेध आणि निजोखमीची ती ओळ तिच्यात नसेल, तर पुढचा रुपया देण्याआधी ती लिहून घ्या. आणि विक्रेत्याला किती भावंडे आहेत, ते उद्याच विचारा.