अपत्यप्राप्तीचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषण)

काही महिन्यांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी सकाळीच घरी आला. बेळगावच्या एका कारखान्यात तो लेथवर काम करतो. महिना 18 हजार रुपये मिळवतो. लग्नाला नऊ वर्षे झाली, मूल नाही, हे मला ठाऊक होते. चहा झाल्यावर त्याने पिशवीतून एक दोनशेपानी वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "सर, तिसऱ्यांदा करावं की नाही, तुम्ही सांगा," एवढेच तो म्हणाला.

श्रोतेहो, ती वही मी दोन दिवस ठेवून घेतली. त्याने उपचारांचा पै न् पैचा हिशेब लिहिला होता. मोठ्या शहरातील एका दवाखान्याच्या जाहिरातीत टेस्ट ट्यूब बेबीचा खर्च 95 हजार रुपये असा छापला होता. त्या आकड्यात इंजेक्शने नव्हती. ती 58 हजारांची. भूल, रक्ताच्या तपासण्या आणि भ्रूण गोठवून ठेवणे यांचे 30 हजार. जाणे-येणे आणि लॉजचे भाडे 9 हजार. एकूण 1 लाख 92 हजार. त्याचा वर्षाचा पगार 2 लाख 16 हजार होतो! दुसऱ्या वेळी गोठवलेले भ्रूण वापरले, म्हणून 70 हजारांत भागले. दोन्ही वेळा यश आले नाही. बुडालेली रोजंदारी त्याने मांडलीच नव्हती. पहिला खर्च आईच्या पाटल्यांतून झाला, बाकीचा कर्जातून.

मी वैद्य नव्हे. परंतु त्याच्या प्रश्नामुळे या विषयावर मला पुष्कळ वाचावे लागले, आणि वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली, ती आज आपल्यापुढे मांडतो. हा उपचार महाग आहे तो केवळ शास्त्र अवघड आहे म्हणून नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे जगातील प्रौढांपैकी सुमारे 17.5 टक्के, म्हणजे सहांतील एकाला, आयुष्यात केव्हा तरी वंध्यत्वाचा अनुभव येतो. श्रीमंत देशांत हे प्रमाण 17.8 टक्के, अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत 16.5 टक्के. दुःखाची वाटणी जवळजवळ समान आहे, असमान आहे ती उपायांची. इस्रायलमध्ये पंचेचाळिशीच्या आतील स्त्रीला दोन अपत्ये होईपर्यंत या उपचारांचा खर्च सरकारी आरोग्ययोजनेतून मिळतो. आपल्या आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे 5 लाख रुपयांचे संरक्षण आहे. पण वंध्यत्वावरील उपचार त्यातून स्पष्टपणे वगळले आहेत. तेव्हा उरते काय? दागिने, जमीन आणि सावकार. शिवाय तरुण स्त्रीच्या बाबतीतही एका प्रयत्नात यशाचा संभव साधारणतः एकतृतीयांश असतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया करविणाऱ्याला बहुधा गुडघा मिळतो. येथे वर्षाचे वेतन मोजून तिघांतले दोघे रिकाम्या हाताने परततात.

आता थोडा इतिहास पाहू. 1978 च्या 25 जुलै रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांचे हे यश. त्या मातेच्या गर्भनलिका बंद होत्या. तिला बीजवाढीची महाग इंजेक्शने दिलेली नव्हती. निसर्गक्रमाने त्या महिन्यात तयार झालेले एकच स्त्रीबीज काढून घेतले आणि त्यातून ते मूल जन्मले. त्यानंतर अवघ्या 70 दिवसांनी, 3 ऑक्टोबरला, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने दुर्गा या नावाने ओळखली जाणारी मुलगी जन्मली. त्यांच्यापाशी मोजकी साधने आणि एक रेफ्रिजरेटर होता. शासनाने नेमलेल्या समितीने त्यांचे म्हणणे खोटे ठरवले. 1981 च्या जूनमध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे 1986 च्या 6 ऑगस्टला मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी घडवून आणलेला जन्म भारतातील पहिला म्हणून नोंदला गेला. त्याच आनंदकुमारांनी 1997 मध्ये मुखोपाध्यायांची कागदपत्रे अभ्यासून पहिलेपणाचा मान त्यांना देऊन टाकला. अशी माणसे विरळा!

हे येथे सांगण्याचे कारण असे की के. ई. एम. हे महानगरपालिकेचे रुग्णालय. गिरणगावातल्या सामान्य माणसाच्या त्या रुग्णालयात या विद्येची आपल्याकडे अधिकृत सुरुवात झाली. त्यानंतरच्या काळात मात्र ती बहुतांशी खाजगी दवाखान्यांत गेली. एका वेळी अनेक स्त्रीबीजे मिळावीत म्हणून दहा-बारा दिवस महाग इंजेक्शने देण्याचा प्रघात पडला. त्याने यश वाढले, हे खरेच आहे. पण स्वस्त गोळ्यांनी थोडी कमी बीजे मिळवूनही काम होऊ शकते, हा मार्ग मागे पडला. शुद्ध हवेच्या खोल्या, वायूचे प्रमाण राखणारी उबयंत्रे, ती अहोरात्र चालवणारी वीज, या सर्वांचा भार अखेरीस त्या वहीतल्या आकड्यांवर येतो.

या बाबतीत बेल्जियममधील गेंक या गावी झालेला प्रयोग मला फार उद्बोधक वाटला. डॉ. विलेम ओम्बेलेट आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञ जोनाथन व्हॅन ब्लरकॉम यांनी गरीब देशांसाठी म्हणून एक सोपी पद्धत तयार केली. दोन काचेच्या नळ्या घ्यायच्या. एकीत लिंबूसत्त्व आणि खाण्याचा सोडा एकत्र केला की कर्बवायू निघतो. तो बारीक नळीतून दुसऱ्या नळीतल्या पोषक द्रवात जातो आणि भ्रूणाच्या वाढीला लागणारी स्थिती तयार होते. बंद नळीतच बीज फलित होते, तेथेच वाढते, आणि काचेतूनच ते पाहता येते. महाग उबयंत्राचे काम घरोघरच्या स्वयंपाकघरात सापडणाऱ्या दोन पदार्थांनी केले! 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे या नळ्यांतील भ्रूण नेहमीच्या प्रयोगशाळेतील भ्रूणांच्या तोडीचे निघाले. पुरुषातील दोष मोठा असेल तर मात्र ही पद्धत चालत नाही. तेथे एकेक शुक्राणू सुईने बीजात सोडण्याची, 1992 मध्ये ब्रसेल्सला यशस्वी झालेली रीत लागते. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याला या नळ्यांचा उपयोग झाला नसता. हेही सांगितले पाहिजे.

पण इतर लाखोंचे काय? गरीब देशांतल्या वंध्यत्वाचे एक मोठे कारण म्हणजे बंद झालेल्या गर्भनलिका. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत उपचाराविना राहिलेले गुप्तरोग, अस्वच्छ बाळंतपण आणि असुरक्षित गर्भपात यांनी नलिका खराब होतात. आपल्याकडे त्यात क्षयरोगाची भर पडते. गर्भाशयाचा आणि नलिकांचा क्षय पुष्कळदा ताप-खोकला काहीच न दाखवता वर्षानुवर्षे आत काम करीत असतो. त्याची औषधे सरकार मोफत देते; परंतु निदान होईपर्यंत नलिका गेलेल्या असतात आणि मग त्या बहुधा पूर्ववत होत नाहीत. दहा-वीस रुपयांच्या गोळ्यांनी आणि स्वच्छ प्रसूतीने जे टळले असते, त्यासाठी पुढे दोन लाखांची वाट धरावी लागते. आणि ओल्डहॅमच्या मातेचा दोष नेमका हाच होता! ज्या दोषाला या विद्येचे अगदी साधे रूप पुरते, तोच दोष गरिबांच्या वाट्याला अधिक आला आहे, आणि बाजारात त्यांच्यापुढे मांडले जाते ते तिचे सर्वांत महाग रूप.

काही जण म्हणतील, लोकसंख्या एवढी वाढलेल्या देशांनी यावर पैसा का खर्चावा? हा प्रश्न मला सुशिक्षितांनीच विचारला, आणि विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना दोन-दोन मुले होती. वस्तुतः राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे 2019 ते 2021 या काळात भारतात दर स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण 2 वर आले होते. 1968 मध्ये तेहरानच्या मानवी हक्क परिषदेने किती मुले व्हावीत आणि केव्हा व्हावीत हे ठरवणे हा मातापित्यांचा मूलभूत हक्क मानला. आपण त्या हक्काचा अर्थ कमी मुले असाच घेतला. ज्या स्त्रीला ओटी भरण्याच्या कार्यक्रमात मागे बसवतात, जिच्या नवऱ्याला दुसऱ्या लग्नाचा सल्ला घरचीच माणसे देतात, तिला लोकसंख्येचे गणित सांगून काय उपयोग?

आमच्या शेजारच्या गोव्यात 2023 मध्ये बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ही सेवा विनामूल्य सुरू झाली. राज्य लहान आहे, पण हे काम सरकारी रुग्णालयात होऊच शकत नाही असे म्हणणाऱ्यांना आता दुसरे कारण शोधावे लागेल.

असो. वहीकडे पुन्हा वळतो. तिची पहिली आठ पाने, म्हणजे दोन वर्षे, सारी त्याच्या पत्नीच्या नावावर आहेत. सोनोग्राफी, दुर्बिणीची तपासणी, गोळ्या. मध्येच एका मांत्रिकाला दिलेले अकराशे रुपये. नवव्या पानावर प्रथमच त्याचे स्वतःचे नाव येते : वीर्यतपासणी, 500 रुपये. शुक्राणूंची संख्या फार कमी निघाली. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोपी तपासणी सर्वांच्या शेवटी झाली. कारण दोष पुरुषात असेल असे घरात कोणाच्या मनातच आले नव्हते, आणि जगात जवळजवळ निम्म्या जोडप्यांत तो असतो. "पहिल्यांदा हीच का नाही केलीत?" असे मी विचारले. तो खाली पाहत म्हणाला, "सर, कुणी सांगितलंच नाही. आणि मीही विचारलं नाही."

तिसऱ्यांदा करावे की नाही, याचे उत्तर मला देता आले नाही. गोठवलेले भ्रूण संपले आहेत, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे पुन्हा दोन लाख. बायको काय म्हणते, असे विचारले, तर म्हणाला, "ती म्हणते, आधी कर्ज फेडू." मी म्हटले, मग हप्ते किती राहिले ते मोज. त्याने वहीचे शेवटचे पान उघडून बोटाने मोजले. सव्वीस राहिले होते.