आखूड केसांचा सोबती

कुत्रा पाळण्याची हौस एका क्षणात उत्पन्न होते. तो पाळावा कसा, हे समजण्यास मात्र वर्ष जाते. त्या वर्षातील चुकांचे प्रायश्चित्त बहुधा त्या मुक्या जीवालाच भोगावे लागते. दुर्ग-भिलाईच्या परिसरात हे विशेष जाणवते. मे महिन्यात तेथील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पाऊस सुरू झाला, की दमट हवेत गोचिडांचा सुळसुळाट होतो. अशा हवेत केसाळ जातीपेक्षा आखूड केसांचा कुत्रा बरा, हा विचार सुज्ञपणाचाच होय. परंतु त्यामागोमाग एक गैरसमज घरात शिरतो, तो असा, की केस आखूड म्हणजे निगेची गरज नाही.

वस्तुतः आखूड केसही सतत गळतात आणि सतरंजीत रुतून बसतात. विरळ केसांतून ऊन थेट कातडीला भिडते. माणसाप्रमाणे कुत्र्याला सर्वांगाला घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंगातील उष्णता बाहेर घालवतो. म्हणून उन्हाळ्यात त्याला फिरवावयाचे ते सूर्योदयापूर्वी किंवा रस्ता निवाल्यावर. डांबरावर आपला तळहात क्षणभरही ठेववत नसेल, तर त्याचे पंजेही तेथे भाजणारच.

रोजची निगा म्हणजे दहा मिनिटांचे काम. रबरी खरारा केसांच्या दिशेने हळुवार फिरवावा आणि नंतर ओलसर फडक्याने अंग पुसावे. वारंवार स्नान घातल्याने कातडीचे नैसर्गिक तेल निघून जाते. अंग मळले अथवा वास येऊ लागला, म्हणजे कुत्र्यांसाठी असलेल्या साबणाने न्हाऊ घालावे आणि कान कोरडे करावेत. माणसांचा साबण त्याच्या कातडीला मानवत नाही. फरशीवर नखांचा टकटक आवाज होऊ लागला, की ती वाढली असे समजावे. कापताना आतील जिवंत भागाला धक्का लागू देऊ नये. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि गळपट्ट्याखाली गोचीड दडतो. तो चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावा. गोचिडामुळे होणारा ताप वेळीच ओळखला नाही, तर कुत्र्याच्या जिवावर बेततो.

पण हे सारे कुत्र्याने करू दिले पाहिजे, आणि येथेच शिक्षणाचा संबंध येतो. पंजा हातात घेताच गुरगुरणाऱ्या कुत्र्याचा गोचीड कोण शोधणार? म्हणून पिल्लू घरी आल्या दिवसापासून त्याचे कान, पंजे आणि तोंड हळूच हाताळावे आणि त्याने शांतपणे सोसले, की तत्क्षणी खाऊचा तुकडा द्यावा. ‘तत्क्षणी’ हा शब्द महत्त्वाचा. ज्या रशियाच्या साहाय्याने भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, त्याच देशातील शास्त्रज्ञ पावलॉव यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले, की खूण आणि तिचे फळ एकमेकांना लागून आले, तरच त्यांची सांगड मनात पक्की बसते. सकाळी कुरतडलेल्या चपलेसाठी संध्याकाळी मारलेला फटका कुत्र्याला एवढेच शिकवतो, की धनी घरी येणे हे भयाचे कारण आहे.

‘ये’, ‘बस’, ‘थांब’ हे शब्द घरातील सर्वांनी एकाच रीतीने उच्चारावेत. आजोबांनी ‘बैस’, मुलांनी ‘सिट’ आणि शेजाऱ्यांनी ‘बैठ’ म्हटले, तर बिचाऱ्याने कोणती भाषा शिकावी? धडा पाच-दहा मिनिटांचाच असावा. आणि ‘ये’ म्हणून बोलावून शिक्षा तर कधीच करू नये.

हे शिक्षण विलायती कुत्र्यांनाच साधते, ही समजूतही खोटी. दख्खनचा आखूड केसांचा शिकारी कुत्रा, ज्यास महाराष्ट्रात कारवान आणि कर्नाटकात मुधोळ म्हणतात, त्याचे शिक्षण भारतीय सैन्याने २०१६ साली मेरठ येथे हाती घेतले. गल्लीतील गावठी पिल्लूही प्रेमाने शिकवल्यास मागे राहत नाही.

पशुवैद्याकडे जाण्याचा सरावही याच शिक्षणाचा भाग होय. २०१२ साली स्थापन झालेले छत्तीसगडचे कामधेनु विद्यापीठ दुर्गमध्येच आहे आणि तेथील अंजोरा येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. टोचणीच्या टेबलावर निमूट उभा राहणारा कुत्रा अलर्काची लस वेळेवर घेतो. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर माणसाकडेही उपाय उरत नाही. म्हणून त्या एका सवयीवर साऱ्या घराची सुरक्षितता अवलंबून असते.

ज्याला कोणी काही शिकवले नाही, तो कुत्रा प्रथम साखळीला बांधला जातो, मग परसात आणि शेवटी पुष्कळदा रस्त्यावर सोडला जातो. दोष त्याच्या स्वभावाचा म्हणून सांगितला जातो. तो असतो न दिलेल्या दहा मिनिटांचा. खरारा फिरवणारा हात आणि ‘बस’ म्हणणारा आवाज एकाच माणसाचे असतात, एवढे कुत्र्याला समजले, की त्याचे अर्धे शिक्षण झाले. आणि एवढे धन्याला समजले, की उरलेले अर्धेही झाले.