दुरुस्ती पुढें ढकलतांना

घरांतील एखादा दिवा बटण बंद केल्यावरही जळतच राहिला, तर उतावळा गृहस्थ दिव्याचा गोळा काढून ठेवतो आणि काम झालें असें समजतो. दिवा विझतो हें खरें. पण बटणांत वा तारांत जें बिघडलें आहे तें बिघडलेलेंच राहतें. घरांत ही चूक बहुधा खपून जाते. विमानांत ती खपेलच असें नाहीं.

एखादें साधन नादुरुस्त असूनही प्रवासी विमान उड्डाण करूं शकतें, हें ऐकून पुष्कळ श्रोत्यांना धक्का बसेल. परंतु यांत लपवाछपवी नाहीं. प्रत्येक जातीच्या विमानासाठीं एक मूळ यादी ठरलेली असते. कोणतें साधन बंद असतां, कोणत्या अटींवर आणि किती दिवस विमान चालवितां येईल, हें तींत सांगितलेलें असतें. तिच्यावरून विमान कंपनी आपली यादी तयार करते. ती मूळ यादीहून कडक असूं शकते, सैल मात्र नाहीं. कांहीं दुरुस्त्यांना ३ दिवसांची मुदत असते, कांहींना १० दिवसांची, तर कांहींना १२० दिवसांची. दोष ज्या दिवशीं नोंदला तो दिवस तींत धरीत नाहींत. दिवस मोजण्यांत गल्लत होणें, अटींतील तपासणी राहून जाणें, बंद साधनावर चिठ्ठी न लावणें, हे नेहमींचे प्रमाद होत. नोंदवही चाळली कीं ते सांपडतात. दोषच चुकीचा ओळखला गेला, तर मात्र नोंदवहींत सारें यथास्थित दिसतें.

२० ऑगस्ट २००८ रोजीं स्पेनची राजधानी माद्रिद येथें असेंच घडलें. स्पॅनएअर कंपनीचें एमडी-८२ जातीचें विमान १७२ माणसें घेऊन ग्रान कनारिया बेटाकडे निघालें होतें. धावपट्टीजवळ पोंचल्यावर वैमानिकांना दिसलें कीं, बाहेरच्या हवेचें तापमान मोजणारी शलाका भलताच आंकडा दाखवीत आहे. तो १०० अंशांच्याही वर गेला होता. विमान परत आणण्यांत आलें.

या शलाकेवर उंचावरील थंडींत बर्फ जमूं नये म्हणून तिला विजेचा तापक जोडलेला असतो. विमान हवेंत असतांनाच तो तापावा, जमिनीवर नव्हे, अशी योजना असते. तंत्रज्ञांनीं यादी पाहिली. तापक बंद असला तरी, बर्फ जमण्याजोग्या हवेंतून जावयाचें नसेल तर, उड्डाणास मुभा होती. ऑगस्टमधील माद्रिदची दुपार. बर्फाचा प्रश्नच नव्हता. तापकाचा वीजपुरवठा तोडण्यांत आला, तशी नोंद झाली, कप्तानानें विमान स्वीकारलें.

आतां यादी सांगत होती ती तापक चालत नसल्याची गोष्ट. येथें तर तापक चालत होता. चालूं नये तेव्हां चालत होता! तो जमिनीवर कां तापतो, हा खरा प्रश्न होता. ‘आपण जमिनीवर आहों कीं हवेंत’ हें तापकाला कळविण्याचें काम एक लहानसा रिले करतो. तोच रिले आणखी एका यंत्रणेशीं जोडलेला होता. उड्डाणाच्या वेळीं पंखांचे फ्लॅप योग्य स्थितींत नसतील, तर भोंगा वाजवून वैमानिकांस सावध करणारी ती यंत्रणा. विमान हवेंत आहे असें तिला वाटलें, तर ती गप्प बसते.

दुपारीं २ वाजून २४ मिनिटांनीं विमान धावपट्टीवरून उठलें, तें फ्लॅप न उघडतांच. तपासणीची यादी वाचतांना वैमानिकांचा क्रम मध्येंच तुटला होता. भोंगा वाजला नाहीं. १५४ माणसें मरण पावलीं, १८ वांचलीं.

न्याय्य बोलावयाचें तर, फ्लॅप विसरले ते वैमानिक, तंत्रज्ञ नव्हेत. दोन तंत्रज्ञांवरील खटला २०१२ सालीं न्यायालयानें काढून टाकला. भोंगा कां वाजला नाहीं, हें चौकशी समितीला निर्विवादपणें ठरवितां आलें नाहीं. तरीही तापलेली शलाका कांहीं सांगत होती, आणि तिला केवळ थंड करण्यांत आलें, हें कसें नाकारावें?

याच जातीचें एक विमान अमेरिकेंत डेट्रॉइट येथें १६ ऑगस्ट १९८७ रोजीं असेंच फ्लॅपविना उठून कोसळलें होतें. तेव्हांही भोंगा मुका होता. त्याला वीजच पोंचली नव्हती. विमानांतील एक चार वर्षांची मुलगी तेवढी वांचली. त्यानंतर प्रत्येक उड्डाणापूर्वीं भोंगा तपासून पाहावा, अशी शिफारस निर्मात्या कंपनीनें केली. ती शिफारस होती, आज्ञा नव्हे. पुष्कळांच्या टेबलावर शिफारशी जशा पडून राहतात तशी तीही राहिली असावी. माद्रिदच्या अपघातानंतर, २००८ सालींच, युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेनें ती सक्तीची केली. इंजिनांचे दांडे पुढें सारावयाचे आणि भोंगा ऐकूं येतो कीं नाहीं, एवढेंच त्या तपासणींत पाहावयाचें असतें.