पूरक ग्रंथांची पारख



तोंडवलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या या किनाऱ्यावर जत्रेच्या रात्रीं दशावतारी नाटक पाहिलें नाहीं असा मनुष्य विरळाच. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते, हें आपणांस ठाऊक आहे. आख्यान ठरतें, पात्रें वांटलीं जातात, कथेचे टप्पे सांगितले जातात; आणि पुढचीं सारीं भाषणें नट समोरच्याचें ऐकून जागच्या जागीं रचतो. आज ज्या खेळाविषयीं मी बोलणार आहें, तो या रीतीचा दूरचा भाऊबंद म्हणावयास हरकत नाहीं.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा तो खेळ. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं रचलेला हा खेळ १९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. चारपांच जण मेजाभोंवतीं बसतात. एक जण सूत्रधार होतो; बाकीचे योद्धा, मांत्रिक, चोर अशीं सोंगें घेतात. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो, आपण काय करूं तें खेळाडू सांगतात, आणि जेथें यशाविषयीं संशय असेल तेथें फांसे टाकून निकाल घेतला जातो. मूळ ग्रंथ तीन: एक खेळाडूंचा, एक सूत्रधाराचा, एक राक्षसादि प्राण्यांचा. यांखेरीज इतर प्रकाशकांनीं काढलेलीं पूरक पुस्तकें इतकीं आहेत कीं, नवशिक्याची मति गुंग व्हावी. त्यांतून निवड कशी करावी, हा आजचा प्रश्न.

हा पसारा कसा वाढला तें थोडक्यांत सांगतों. १९७६ सालीं ‘जजेस गिल्ड’ या संस्थेनें मूळ प्रकाशकांच्या संमतीनें एका संपूर्ण काल्पनिक नगरीचें वर्णन छापून विकलें. २००० सालीं नियमांचा मोठा भाग कोणासही वापरण्यास मोकळा झाला आणि पुस्तकांचा पूर आला. परंतु २००३ सालीं नियमांची सुधारलेली आवृत्ति निघतांच जुन्या नियमांवर बेतलेल्या पुस्तकांचे ढीग दुकानांत पडून राहिले. जानेवारी २०२३ मध्यें परवान्याच्या अटी बदलण्याचा बेत उघडकीस आला. खेळणारांनीं एकच गिल्ला केला. आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेस पांचव्या आवृत्तीचे पायाभूत नियम सर्वांसाठीं कायमचे खुले झाले. छापण्याचें स्वातंत्र्य सर्वांस मिळालें. पारखण्याचें ओझें मात्र घेणाराच्या माथीं आलें.

या इतिहासांतच पहिली कसोटी आहे. पुस्तक कोणत्या आवृत्तीसाठीं लिहिलें आहे, तें आधीं पाहावें. २०१४ च्या नियमांसाठीं लिहिलेलें पुस्तक २०२४ च्या सुधारलेल्या नियमांबरोबर थोड्या डागडुजीनें चालतें; २००० सालचें मात्र बव्हंशीं नव्यानें जुळवून घ्यावें लागतें. वेष्टनावरच्या चित्राला भुलूं नये. नांव सोनुबाई आणि हातीं कथलाचा वाळा, असा प्रकार येथेंही पुष्कळ आहे.

दुसरी कसोटी आपल्या गरजेची. कांहीं पुस्तकें तयार कथानक देतात, कांहीं प्रदेशाचें वर्णन देतात, कांहीं प्राणिसंग्रह असतात, तर कांहींत खेळाडूंसाठीं नव्या विद्या आणि नवीं अस्त्रें असतात. ज्याला वेळ कमी त्यानें कथानक घ्यावें. ज्याच्याजवळ कथा आहे पण गांव नाहीं त्यानें प्रदेशवर्णन घ्यावें. नव्या अस्त्रांचीं पुस्तकें मात्र जपून घ्यावीं. तीं निरनिराळ्या लेखकांचीं असतात, आणि एकाचें अस्त्र दुसऱ्याच्या विद्येशीं जुळवून कोणीं पाहिलेलें असेलच असें नाहीं. एकाच खेळाडूच्या हातीं अशी शक्ति आली कीं विष्णूला येण्याचें कारणच उरत नाहीं, आणि बाकीचे तिघे चौघे रात्रभर नुसते प्रेक्षक होतात. म्हणून असें पुस्तक घेण्यापूर्वीं मंडळींचा विचार घ्यावा, आणि एक दोन बैठकी तें चालवून मगच कायम करावें.

तिसरी कसोटी सोपी आहे. पुस्तक मधेंच उघडावें. पुष्कळ प्रकाशक कांहीं पानें विनामूल्य दाखवितात, तीं पाहावीं. चार माणसें उत्तराची वाट पाहत असतांना सूत्रधाराला हवी ती गोष्ट एका दृष्टिक्षेपांत सांपडेल काय? कीं त्याला लांबलचक वर्णनें वाचून दाखवीत बसावें लागेल? तेथें कोण राहतो, त्याला काय हवें आहे, आणि त्याच्या आड काय येतें, एवढें कळलें कीं सूत्रधाराचें भागतें.

आतां आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा. खेळाच्या १९७७ सालच्या अधिकृत प्राणिग्रंथांत ‘राक्षस’ आहे. त्याला वाघाचें तोंड, ओढावयास चिलमीसारखा पाइप, आणि धर्मगुरूनें आशीर्वाद दिलेल्या बाणानें तत्काळ मरण! १९८० च्या दुसऱ्या अधिकृत ग्रंथांत आपल्या देवतांच्याही प्राणशक्तीचे आंकडे मांडलेले आहेत. तेव्हां अधिकृत शिक्का म्हणजे सत्याची हमी नव्हे, आणि बाहेरच्या प्रकाशकाचें म्हणून पुस्तक हिणकसही नव्हे. आपला संकासुर आठवा. काळा वेष आणि काळा बुरखा घालून तो येतो, मालवणी बोलींत थट्टा करतो, वेद चोरतो, आणि विष्णूच्या हातून मरण्यापूर्वीं साऱ्या जत्रेला हंसवून जातो. ज्या राक्षसाला केवळ मारतां येतें तो अर्धाच राक्षस; ज्याच्याशीं बोलतां येतें तोच पुरा. प्राणिसंग्रह घेतांना हें पाहावें. एखाद्या संग्रहांत वेताळ म्हणजे प्रेतांत शिरणारें भूत एवढेंच आढळेल. पण आरवलीचा वेतोबा हा गांवाचा राखणदार आहे, आणि रात्रीं फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला चामड्याच्या नव्या वहाणा वाहतात. ही एक वहाण दहा पानांच्या आंकड्यांहून अधिक कथा देते.

आणि शेवटीं, कित्येकदां विकत कांहींच घेऊं नये. श्रीधराचे ‘हरिविजय’ व ‘पांडवप्रताप’ आपल्या घरांतून आहेत. एका बाजूस खाडी व दुसऱ्या बाजूस समुद्र असलेली तळाशिलची वाळूची पट्टी आहे. समोर पाण्यांत सिंधुदुर्ग उभा आहे. ज्या मुलाजवळ तीन मूळ ग्रंथांपलीकडे पैसा नाहीं, त्यानें स्वतःला दरिद्री समजूं नये.

जें पुस्तक खेळणारांना बोलतें करतें तें घ्यावें. जें त्यांच्या वतीनें स्वतःच बोलत सुटतें तें दुकानांतच राहूं द्यावें. दशावतारी नटाच्या मागें लिहिलेली वही नसते, म्हणूनच त्याला समोरच्या नटाचें ऐकावें लागतें. मेजाभोंवतीं बसलेल्यांना ही एकमेकांचें ऐकण्याची संवय लागली, तर पूरक ग्रंथाचें काम झालें.