प्रोटॉन नेमका कुठे थांबला?

आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला,
टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही संस्था आहे.
तिथे 2023 पासून कर्करोगावर प्रोटॉन उपचार होतात.

नेहमीच्या किरणोपचारातले क्ष-किरण शरीरातून पार पलीकडे जातात.
प्रोटॉन हा अणूतला सूक्ष्म कण मात्र आत शिरतो... आणि थांबतो.
थांबता थांबता तो सर्वांत जास्त ऊर्जा सोडतो.
लाट किनाऱ्याशी येऊन फुटते ना, तसं.
त्यामुळे गाठीमागचा निरोगी भाग वाचतो.
लहान मुलांच्या बाबतीत याचं मोल फार मोठं आहे.

पण तो कुठे थांबणार,
हे आधी सीटी स्कॅनवरून ठरवलेलं असतं.
उपचार मात्र काही आठवडे चालतात.
तेवढ्यात गाठ आकसते.
रुग्णाचं वजन घटतं.
मग थांबण्याची जागा थोडी सरकू शकते.
मेंदूजवळ काही मिलिमीटरही खूप झाले!
म्हणून डॉक्टर गाठीभोवती जास्तीची जागा धरतात.
त्याची झळ निरोगी पेशींना बसते.

तेव्हा प्रश्न पुन्हा तोच.
प्रोटॉन कुठे थांबला?

प्रोटॉन शरीरातल्या एखाद्या अणुकेंद्रकावर आदळला,
की तत्क्षणी गॅमा किरण निघू शकतात.
ते शरीराबाहेर येतात.
खास कॅमेरा ते टिपतो,
आणि प्रोटॉन किती खोल गेला, हे कळतं.
तेही उपचार चालू असतानाच.

जर्मनीत, ड्रेस्डेनला,
2015 मध्ये रुग्णावर असं मोजमाप झालं.
या तंत्रावर संशोधन अजून चालू आहे.

आणि हो, प्रत्येक कर्करोगाला प्रोटॉन लागतोच असं नाही.
आपल्या रुग्णाला तो हवा का,
हे कर्करोगतज्ज्ञांना मोकळेपणाने विचारा.