कापूस वेचणारी आणि कापूस विकणारा

धरणगावच्या शिवारात कापूस वेचतात त्या बहुतांशी स्त्रिया. परंतु तोच कापूस जिनिंगच्या दारात पोहोचला की तोलणारा, भाव ठरविणारा आणि हिशेबपट्टी घेणारा पुरुषच असतो. याचे कारण स्त्रीची अक्षमता नव्हे. तिच्यापाशी भांडवल नाही, हे होय. बँक तारण मागते आणि सातबारावर बहुधा तिचे नाव नसते. महाराष्ट्राने १९९४ साली व केंद्राने २००५ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच वाटा दिला. तथापि माहेर तुटेल या भयाने बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. म्हसवडच्या स्त्रियांनी १९९७ साली स्वतःची सहकारी बँक उभारली. खानदेशातही तसे घडू शकेल. मात्र आरंभ घरातूनच व्हावा. हक्कसोडपत्र हा बंधुप्रेमाचा पुरावा नव्हे. बहिणीच्या बुडालेल्या भांडवलाचा तो दस्तऐवज आहे.